डबल बेल आणि डावा गुडघा

जळकोट
८ मार्च २०२५

चि. महेश्वरी,

मामाचे आशीर्वाद, आणि माझ्या डाव्या गुडघ्याचा तुला वेगळा नमस्कार.

आजकाल कोण पत्र लिहितं, असं म्हणशील. कारण ऐक. बत्तीस वर्षं एसटीच्या इंजिनाला खेटून बसल्यानं माझा डावा कान गेला आणि उजवा अर्ध्यावर आलाय. फोन स्पीकरवर लावल्याशिवाय ऐकू येत नाही. स्पीकर लावला की माझी खासगी गोष्ट सिद्धारामला, सुनेला आणि भिंतीपलीकडं वीरप्पाला एकाच वेळी कळते. म्हणून हे पाकीट उमरगा-सोलापूर गाडीचा कंडक्टर हिंमतराव याच्या हाती देतोय. माणूस माझ्या हाताखालून गेलेला आहे, पाकीट फोडणार नाही.

गोष्ट अशी की चार दिवसांपूर्वी मी न्हाणीत घसरलो. गुडघा सुजला. सपाट रस्त्यावर चालता येतं, पण ओट्याची पायरी उतरताना गुडघा जागा सोडतो की काय असं वाटतं. मागच्या खोबणीत दुखतं. एका हाडवैद्यानं "शीर चढली" म्हणत नडगी मागं दाबून दाबून बसवली. त्यानंतर जास्तच दुखतंय.

तू सोलापुरात हाडांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचे गुडघेच वाकवत बसतेस. तेव्हा पत्रानं इलाज कळव. सिद्धारामला कळू द्यायचं नाही, आणि तुझ्या आईला तर मुळीच नाही. माझी बहीण आहे, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

तुझा,
शरणबसप्पा मामा


सोलापूर
१० मार्च

मामा, नमस्कार.

हिंमतरावांनी स्टँडवर इकडंतिकडं बघून पाकीट असं माझ्या हातात सरकवलं, की शेजारच्या दोन बायका सरकून लांब बसल्या. माझी अब्रू जरा सांभाळा.

आधी तो हाडवैद्य बंद. पाऊल बधिर किंवा गार पडलं असेल, पोटरी टणक सुजली असेल, तर हे पत्र खाली ठेवा आणि सरळ दवाखाना गाठा. तसं नसेल तर एक करून बघा. खाटेवर उताणे झोपा. दोन्ही गुडघे उभे करा, टाचा एकमेकींशेजारी ठेवा, पाय सैल सोडा. मामींना बाजूला बसून बघू द्या, दोन्ही नडग्या सारख्या उंच दिसतात का.

आणखी दोन गोष्टी कळवा. काळंनिळं नेमकं कुठं पडलंय? आणि तुम्ही कसे पडलात? पुढं, मागं, कुशीवर? गुडघा वाकलेला होता की सरळ? हे विचारण्यामागं कारण आहे, चौकशी नाही.

तुमची,
महेश्वरी


जळकोट
१३ मार्च

चि. महेश्वरी,

परीक्षा झाली. तुझी मामी सिद्धारामची लहानपणची शाळेतली फूटपट्टी घेऊन बसली होती. उजवी नडगी नीट उभी आहे. डावी गुडघ्याच्या वाटीखाली मागं खचलीय. पट्टी टेकवली तर बोट जाईल एवढी फट राहते. मी म्हटलं, जन्मापासूनच तशी असेल. तुझी मामी म्हणाली, छत्तीस वर्षं बघतेय, नव्हती.

काळंनिळं गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला आहे. पुरीएवढं. आता पिवळं पडत चाललंय.

कसा पडलो म्हणशील तर साबणावरून पाय सटकला आणि पाठीवर आपटलो. पाय सरळ होता. यात सांगण्यासारखं काही नाही. आता औषध कळव.

इकडं दुसरीच कटकट झालीय. सिद्धारामच्या पांढऱ्या गाडीचा पुढचा बंपर चेपलाय. गाडी आठवडाभर अंगणातच असते, तो नळदुर्गच्या बँकेत मोटारसायकलवर जातो. वीरप्पाची म्हैस चंद्री हिनं धडक दिली, असं मी त्याला सांगितलं, कारण बंपरात कडब्याची पानं अडकली होती. सिद्धारामनं वीरप्पाला "म्हैस बांधून ठेवा" म्हणून सुनावलं. तेव्हापासून वीरप्पा सकाळच्या चहाला येत नाही. चाळीस वर्षांचा चहा बंद झाला, त्याचं वाईट वाटतं.

मामा


सोलापूर
१६ मार्च

मामा,

गुडघ्याच्या आत दोन दोऱ्या एकमेकींना कैची मारून असतात. पुढची दोरी नडगीला पुढं सरकू देत नाही, मागची मागं सरकू देत नाही. मागचीला डॉक्टर पीसीएल म्हणतात. तुमची नडगी मागं खचलीय, पायरी उतरताना गुडघा जागा सोडतोय, दुखणं मागच्या खोबणीत आहे. मला मागच्या दोरीचा संशय आहे. पण पत्रातून मी फक्त संशय घेऊ शकते, निदान नाही. आमचे डॉक्टर हातानं नडगी मागं ढकलून बघतील, एक्स-रे काढतील, एमआरआय काढतील. तुम्हाला सोलापूरला यावं लागेल.

आता तुमच्या साबणाबद्दल. मामा, पाठीवर पडलेल्या माणसाच्या नडगीवर पुढून पुरीएवढं काळंनिळं कसं पडतं? ही दोरी तशी दणकट असते. गुडघा वाकलेला असताना नडगीच्या वरच्या टोकावर समोरून जोराचा मार बसला की ती तुटते. असा मार गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्याला बसतो, डॅशबोर्डवर गुडघा आपटून. तुमचं तोंड साबण म्हणतंय आणि गुडघा डॅशबोर्ड म्हणतोय. माझा विश्वास गुडघ्यावर आहे.

खरं सांगा म्हणते ते गंमत म्हणून नाही. डॅशबोर्डचा मार गुडघ्यापुरता राहत नाही, कधी कधी खुब्याच्या सांध्यापर्यंत जातो. तसं असेल तर डॉक्टरांना खुबाही बघावा लागेल. खोटं सांगितलंत तर ते बघायचं राहून जाईल, आणि उपचार राहिला तर दोन-तीन वर्षांत गुडघा आतून झिजेल.

महेश्वरी


जळकोट
१९ मार्च

चि. महेश्वरी,

तू पोलिसात जायला हवं होतंस.

बरं, ऐक. मी लोहाऱ्याला चाललो होतो, वडापच्या जीपमध्ये, पुढं. पट्टा लावला नव्हता. बत्तीस वर्षं ज्यानं एसटी चालवली आणि विनाअपघाताचा बिल्ला मिळवला, त्यानं दुसऱ्याच्या गाडीत पट्टा लावायचा म्हणजे कमीपणा वाटतो. ड्रायव्हरचे पाय नीट दिसावेत म्हणून सीट पार पुढं ओढली होती. समोर काहीतरी आडवं आलं, गाडी ठोकली, गुडघा डॅशबोर्डवर गेला. खुबा ठीक आहे.

ड्रायव्हरला मात्र दोष देऊ नकोस. नवीन हात होता, पण चांगला हात आहे. क्लच अगदी अलगद सोडतो, वळणावर घाई करत नाही. चार महिन्यांत तयार होईल असा ड्रायव्हर आहे. त्याचा काही दोष नव्हता.

सिद्धारामला हेही कळता कामा नये. पाकिटासोबत शेंगाच्या चटणीचा डबा पाठवलाय, तुझ्या मामीनं स्वतः कुटलीय.

मामा


जळकोट
तारीख तीच

महेश्वरी, मामीचा आशीर्वाद.

चटणी उपसल्यावर तळाला प्लास्टिकमध्ये ही चिठ्ठी सापडेल. ह्यांना माहीत नाही. माझी शाळा आळंदकडची, सातवीपर्यंत, तीही कन्नड. मराठी वाचायला मी एसटीच्या पाट्यांवरून शिकले. चूकभूल समजून घे.

ह्यांनी तुला काय सांगितलं असेल देव जाणे. गाडी मी चालवत होते.

बाई, बत्तीस वर्षं ह्यांनी सगळ्या जिल्ह्याला माहेरी पोचवलं, मला सोडून. पंचमीला ह्यांची ड्यूटी हमखास. सगळ्या गावच्या लेकी ह्यांच्याच गाडीतनं माहेरी जायच्या आणि मी दारात उभी राहून बघायची. गेल्या दिवाळीत मी म्हटलं, येत्या पंचमीला मी माझी मी जाणार, स्वतः गाडी चालवत. ह्यांना हसू येईल वाटलं होतं. हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन माझं शिकाऊ लायसन काढून आणलं. सिद्धारामला सांगितलं नाही, कारण त्याचा जीव त्या गाडीच्या रंगात अडकलाय. तो बँकेत गेला आणि सून शाळेवर गेली की आम्ही माळावर जायचो.

पहिल्या दिवशी हे एवढे ओरडले की मी माळावरच गाडी सोडून चालत घरी आले. मग ठरलं, ओरडायचं नाही. ह्यांनी पितळी पेला आणि चमचा घेतला. एसटीत कंडक्टर देतो तशी बेल. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे निघ. फार छान चाललं होतं. मी तिसऱ्या गिअरला आले होते.

त्या दिवशी माळाच्या टोकाला वीरप्पाची कडब्याची गंज समोर आली. मला दोन टोले ऐकू आले. मी दाबला वेग. गंजीत घुसलो, आणि गंजीखाली दगडी बांध होता.

हे म्हणतात, एकच टोला दिला होता. म्हणजे माझेच कान चुकले, की पाय चुकला. असल्या बाईनं गाडी चालवू नये. मी आता किल्लीला हात लावत नाही. पण ह्यांचा गुडघा माझ्यामुळं गेला हे मनातून जात नाही. तो नीट कर, दुसरं मला काही नको.

तुझी मामी,
शांताक्का


सोलापूर
२३ मार्च

मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुमच्या तोंडून आजवर मी एकाही ड्रायव्हरची स्तुती ऐकलेली नाही. लग्नाच्या बसमध्ये तुम्ही अक्षता सोडून ड्रायव्हरचे गिअर मोजता. आणि लोहाऱ्याच्या वडापच्या जीपवाल्याचा क्लच तुम्हाला अलगद वाटला? असो. त्या ड्रायव्हरला माझा नमस्कार सांगा.

बुधवारी सकाळी अकरापर्यंत या. एसटीत पाय लांब करता येईल अशी सीट धरा. रात्री झोपताना उशी टाचेखाली ठेवू नका, नडगी आणखी मागं लोंबते. पोटरीखाली ठेवा. मामींना बरोबर आणा. सिद्धारामदादाला सांगा, डोळे तपासायला जातोय. एवढं खोटं मी माझ्या नावावर घेते.

महेश्वरी

ता. क. चटणी फार उत्तम होती. तळापर्यंत खाल्ली, असं मामींना सांगा.


सोलापूर
२ एप्रिल

मामा,

रिपोर्ट आणि डॉक्टरांचं लिहिणं सोबत आहे, पण तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. मागची दोरी अर्धवट तुटलीय, पूर्ण नाही. पुढची दोरी शाबूत आहे, सांध्यातली गादी शाबूत, खुबाही ठीक. ऑपरेशन नको. या दोरीला सांभाळून ठेवलं तर ती बऱ्यापैकी जुळते. सगळं नडगी मागं पडू न देण्यावर आहे. दिलेला पट्टा पायात राहील, सुरुवातीला सरळ, कुबड्यांसह. त्या पट्ट्यातली पोटरीमागची गादी नडगीला पुढं ढकलून धरते, ती काढून टाकायची नाही. मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा, दहा मोजायचे, सोडायचा. दिवसातून तीन वेळा. सरळ पाय उचलायचा. टाच मागं ओढायचा व्यायाम चार महिने वर्ज्य, तो नडगीला नेमका मागं ओढतो. गुडघा वाकवायचा तो मी दाखवला तसा पालथं झोपून, मामींनी नडगीला हात देऊन. मांडी घालून जेवायला बसायचं नाही, उकिडवं तर अजिबात नाही.

आता दुसरं.

एमआरआयच्या मशीनमध्ये सरकवताना तिथल्या मुलानं तुमच्या हातात रबरी फुगा दिला होता, आठवतं? त्यानं तुमच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं, घाबरलात आणि थांबवायचं असलं तर एकदा दाबा. मी काचेमागं होते. मशीन धडधडायला लागलं आणि तुम्ही फुगा दाबला. एकदा नाही मामा. लागोपाठ दोनदा. बाहेर आल्यावर मी विचारलं, किती वेळा दाबला? तुम्ही छातीठोक म्हणालात, एकदाच.

मामी त्या वेळी बाकावर तुमची चप्पल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

मी काही विचारत नाही. गाडी कोण चालवत होतं तेही नाही, गंज कुणाची होती तेही नाही. घाबरल्यावर तुमचा हात किती टोले देतो, एवढंच मी पाहिलं. पुढचं तुम्ही बघा.

महेश्वरी


जळकोट
१० एप्रिल

महेश्वरी,

आठ दिवस पत्र उशीखाली होतं. व्यायाम रोज करतोय, कुबड्या बघून सिद्धारामनं विचारलं त्याला न्हाणीत घसरलो म्हणून सांगितलं, पण तो विषय बाजूला ठेवतो.

तुला मामीनं सांगितलं असणार. चटणीच्या डब्याचं मला तेव्हाच कळायला हवं होतं, एवढी तळापर्यंत चटणी कोण खातं?

समोर गंज आली तेव्हा मी एक टोला दिला. तिनं पाय उचललासुद्धा होता. मग मला वाटलं थांबत नाही, आणि हात आपोआप दुसऱ्यांदा पडला. ठण ठण. एसटीच्या घंटीला मी बत्तीस वर्षं मान दिलाय पोरी, दोन बेल पडल्या की गाडी हलायची म्हणजे हलायची. तिनं तेच केलं. माझं ऐकलं म्हणून ठोकली. तिनं माझं ऐकलं नसतं तर आज मी तुझ्या मशीनमध्ये गेलो नसतो.

बाहेर पडल्यावर तिनं पहिलं विचारलं, किती दिले? मी म्हणालो एक. का म्हणालो मला ठाऊक नाही. भिंतीवर तो बिल्ला आहे ना, रोज पुसतो मी. तो डोळ्यांपुढं आला असेल. एकदा म्हटलं आणि मग मागं घेता आलं नाही. तिनं दुसऱ्या दिवशी किल्ली खुंटीला लावली आणि पेला-चमचा परत भांड्यांत नेऊन ठेवला. आता त्याच पेल्यात मला ताक देते.

मला माझी लाज वाटते. गुडघ्यापेक्षा ती जास्त दुखते. तू तिला हळूच सांगून टाकशील का?

मामा


सोलापूर
१४ एप्रिल

मामा,

नाही सांगणार. जिला टोले दिलेत तिला तुम्हीच सांगायचं. तोवर मांडी आवळा, दहा मोजा, सोडा.

महेश्वरी


जळकोट
२ मे

चि. महेश्वरी,

परवा बसवजयंती झाली. त्या दिवशी काय घडलं ते लिहितोय, आणि लिहिताना हसावं की तोंड लपवावं ते समजत नाही.

सकाळी सगळं गाव बैल धुऊन, शिंगं रंगवून मिरवणुकीला निघालेलं. वीरप्पा आमच्या दारात आला. बैल नाही, चंद्रीला घेऊन. गाभण म्हैस, शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरांची माळ, कपाळाला विभूती. मागं निम्मी गल्ली. चंद्री आमच्या ओट्यापुढं येऊन दमून बसली आणि वीरप्पा सिद्धारामला म्हणाला,

"हिच्या डोळ्यांत बघून सांग, हिनं तुजी गाडी ठोकली म्हून. दोन महिन्यांपासनं ही चार पावलं चालंना, अन् धडक देती व्हय?"

सिद्धाराम चंद्रीकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघायला लागला. मी कुबड्या घेऊन उठलो. वाटलं, आता बिल्ला जाऊ दे. म्हटलं, गाडी मी ठोकली, माळावर, वीरप्पाच्याच गंजीवर. बत्तीस वर्षांत जे कुणी ऐकलं नव्हतं ते लोक ऐकत होते, आणि खरं सांगतो, मला जरा थोर वाटायला लागलं होतं. मी अजूनही खोटंच बोलत होतो ते सोड.

तेवढ्यात तुझी मामी पुरणाच्या हातानं बाहेर आली. पदर खोचलेला. सगळ्यांपुढं म्हणाली, "गाडी मी चालवत होते. माझा पाय चुकला. ह्यांना बोल लावू नका."

माझं थोरपण तिथंच गळालं. ती माझा बिल्ला वाचवायला उभी होती आणि मी खांबासारखा बघत होतो. मग माझ्या तोंडून निघालं,

"पाय न्हाय चुकला तुजा. दोन टोले म्याच दिले."

कुणाला काही कळलं नाही. टोले कसले, पेला कसला, वीरप्पाला तर वाटलं मला ऊन लागलं. पण तिला कळलं. तिनं पुरणाचा हात पदराला पुसला. मग म्हणाली, "मला दोनच ऐकू आलते," आणि आत गेली.

सिद्धारामला मी पुढं सगळं सांगितलं. तो चिडला, गाडीची किल्ली खिशात घालून निघून गेला. वीरप्पानं निवाडा दिला, की माफी त्याची मागून उपयोग नाही, चंद्रीची मागायची. तेव्हा शरणबसप्पा, निवृत्त चालक, यांनी कुबड्यांवर उभं राहून म्हशीला नमस्कार केला आणि पुरणाची पोळी भरवली. तिनं पोळी खाल्ली. माफ केलं की नाही ते तिनं सांगितलं नाही. वीरप्पानं मात्र तिथंच चहा मागितला.

तुझी मामी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, पेला आणून ठेवायची, तोही असा की पाटावर दोनदा वाजायचा. ठण ठण. मला कळायचं. मी खाली मान घालून जेवायचो, खुर्चीवर बसून, तू सांगितलंस तसं.

आज सकाळी उठून बघतो तर गाडीच्या काचेवर तांबडं "एल" चिकटवलेलं आणि किल्ली देवघरात मामीच्या कुंकवाच्या करंड्याशेजारी. सिद्धाराम बँकेत निघता निघता एवढंच म्हणाला, की पाटी लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि आई शिकणार असली तर रविवारी त्याच्याबरोबर शिकेल. शिक्षक बदलला.

तुझा,
मामा


सोलापूर
२० जून

मामा,

परवाच्या तपासणीत डॉक्टरांनी नडगी ढकलून बघितली. मार्चमध्ये जेवढी मागं जायची त्याच्या निम्मीही गेली नाही. ते मला म्हणाले, एवढ्या शिस्तीनं पट्टा वापरणारा पेशंट कमी बघितला. मी म्हटलं, घरी चेकर आहे.

कुबड्या सुटल्याच आहेत. आता भिंतीला पाठ लावून थोडं खाली सरकायचं, थोडंच. जिना उतरताना कठडा धरायचा. सायकल दवाखान्यातली, बसून चालवायची, रस्त्यावरची नाही. पंचमीला गाडीत बसायला हरकत नाही, पण दोन अटी. मागच्या सीटवर, पाय लांब करून पट्ट्यासह. आणि सीटबेल्ट. बिल्ला असला तरी.

महेश्वरी


जळकोट
३१ जुलै

चि. महेश्वरी,

हिंमतराव या पाकिटासोबत तुला जो डबा देईल त्यात खरवस आहे. चंद्रीला रेडी झाली. वीरप्पा म्हणतो, रेडीच्या कपाळावर पांढरा टिळा आहे, अगदी सिद्धारामच्या गाडीच्या रंगाचा. तो हे गल्लीत सगळ्यांना सांगत फिरतो. मी भोगतो आहे.

तुझ्या मामीनं धाराशिवला लायसनची परीक्षा दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाली. तिच्यापुढची दोन पोरं नापास. साहेबानं विचारलं, बाई, कुणी शिकवलं? तिनं सिद्धारामचं नाव सांगितलं. मी शेजारी उभा होतो.

परवा पंचमीला आम्ही आळंदकडं, तिच्या माहेरी गेलो. मी मागच्या सीटवर, पाय लांब, पट्टा बांधलेला, वर सीटबेल्ट. सिद्धाराम पुढं. सगळ्या रस्त्यानं मी शेजारच्या झाडांकडं बघत गेलो. एवढ्या वर्षांत त्या रस्त्याचं डांबर मला पाठ होतं, झाडं कधी बघितली नव्हती. गावात शिरल्यावर तिच्या बहिणी वेशीपाशी उभ्या होत्या. त्यांना वाटलं, गाडी सिद्धाराम चालवत असणार. काच खाली झाली आणि आत शांताक्का दिसल्यावर त्या अशा ओरडल्या की माझ्या डाव्या कानालाही ऐकू आलं.

मला रडू आलं. तुला म्हणून सांगतो. किती पंचम्या मी तिला दारात उभी ठेवली, त्या सगळ्या एकदम आठवल्या.

निघताना तिनं पितळी पेला आणि चमचा माझ्या मांडीवर आणून ठेवला होता. म्हणाली, बेल द्या. मी नको म्हणत होतो, आता माझ्या हातावर माझाच विश्वास नाही. ती ऐकेना. मग मी हात आवळून नीट, मोजून दोन टोले दिले, आणि गाडी निघाली.

तुझा,
मामा

ता. क. महेश्वरी, हे पत्र मीच पाकिटात घालतेय, म्हणून खालच्या जागेत लिहिते. ह्यांना वाटतं बेलवर गाडी निघाली. बेल ह्यांच्याकडंच राहू दे, त्यांना बरं वाटतं. पण हे आता कितीही टोले देऊ देत, आधी पुढं बघते, मगच निघते मी. मामी.